बुद्धिबळात १.डी४ ला काळ्याने काय खेळावं? कारो-कान खेळणाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: रेटिंग (खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) साडेतेराशेच्या आसपास. १.ई४ (राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे) ला कारो-कान, म्हणजे १...सी६ चा बचाव, व्यवस्थित जमतो, पण समोरच्याने १.डी४ (वजिरासमोरचं प्यादं) खेळलं की आठव्या-नवव्या खेळीपासूनच काय करायचं ते सुचत नाही. आत्तापर्यंत किंग्ज इंडियन बचाव खेळून पाहिला, कारण 'समोरचा काहीही खेळो, आपल्या पहिल्या पाच खेळ्या ठरलेल्या' असं कुणीतरी सांगितलं होतं. आता स्लाव घ्यावा, ग्रुनफेल्ड घ्यावा, की बुडापेस्टसारखं काहीतरी सापळेबाज? अभ्यासाला आठवड्यातून तीन-चार तास मिळतात.

उत्तर आधीच देऊन टाकतो. (खेळीच्या आकड्यापुढची तीन टिंबं म्हणजे काळ्याची खेळी, × म्हणजे मारणं, ०-० म्हणजे किल्लेकोट.) १...डी५ खेळा आणि २.सी४ ला २...ई६ करा, म्हणजे क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड (पांढऱ्याने देऊ केलेलं सी४ प्यादं न घेणं). कारो-कानवाला दिसला की त्याला स्लाव सुचवायचा ही रीतच पडली आहे, त्यामुळे माझा सल्ला उलटा वाटेल. मी शिकवताना मात्र बहुतेकांना इथेच आणतो, आणि कारो-कानवाल्यांना तर जास्तच आग्रहाने.

याचं कारण प्याद्यांच्या रचनेत आहे. पहिल्या दहा खेळ्या पाठ होतात, त्यांची फार चिंता नको. अकराव्या खेळीला पटावर जी रचना उरते ती तुम्हाला कळते का, तिच्यात कुठला मोहरा कुठे ठेवायचा हे न आठवता सुचतं का, यावर ओपनिंग (डावाच्या सुरुवातीची मांडणी) निवडावं. आता तुमच्या कारो-कानमधला एक्स्चेंज प्रकार आठवा: १.ई४ सी६ २.डी४ डी५ ३.ई×डी५ सी×डी५. सी फाइल (उभी रांग) तुमच्याकडून अर्धी उघडी, म्हणजे तिथे तुमचं प्यादं नाही, ई फाइल पांढऱ्याकडून. तुम्ही हत्ती सी८ वर आणता, बी प्यादं बी५-बी४ असं ढकलता आणि पांढऱ्याच्या सी३ ला पोखरता. यालाच मायनॉरिटी अटॅक म्हणतात: दोन प्यादी तिघांवर चालून जातात आणि मागे एक लंगडं प्यादं ठेवून जातात.

क्वीन्स गॅम्बिटच्या एक्स्चेंज प्रकारात हाच पट रंग बदलून येतो. १.डी४ डी५ २.सी४ ई६ ३.घोडा सी३ घोडा एफ६ ४.सी×डी५ ई×डी५. आता सी फाइल पांढऱ्याची, ई फाइल तुमची, आणि बी४-बी५ ढकलणार तो. म्हणजे जो हल्ला तुम्ही शेकडो डावांत स्वतः केला आहे, तोच आता तुमच्यावर येणार. हल्ला करताना तुम्हाला सगळ्यात जास्त वैताग कशाचा यायचा, हे तुम्हाला माहीत आहेच. तेच इथे समोरच्याला द्यायचं. या रचनेला कार्ल्सबाड म्हणतात आणि ती नीट समजली की काळ्याचा अर्धा अभ्यास झाला. म्हणून इथे जरा थांबू.

नेहमीचा क्रम असा: ५.उंट जी५ उंट ई७ ६.ई३ ०-० ७.उंट डी३ घोडा बीडी७ (बी फाइलवरचा घोडा डी७ ला) ८.वजीर सी२ हत्ती ई८ ९.घोडा एफ३ घोडा एफ८ १०.०-० सी६. पुढे पांढरा हत्ती एबी१ खेळतो आणि बी४ ची तयारी करतो. घोडा एफ८ वर नेणं नवख्याला विचित्र वाटतं, पण त्यात तीन कामं होतात: एच७ ला कायमचा पहारेकरी मिळतो, सी८ वरच्या उंटाची वाट मोकळी होते आणि घोड्याला पुढे जी६ किंवा ई६ ला जाता येतं.

आता बी४ येणार हे दिसतंय, तर आधी ए५ खेळून ठेवा. पांढरा ए३ करून बी४ खेळेल, तुम्ही ए×बी४ ए×बी४ करून ए फाइल उघडाल आणि कोपऱ्यातला हत्ती एकही खेळी न खर्चता कामाला लागेल. पुढचं पाऊल घोडा ई४. काळ्या घरांवरचे उंट ई७ वर एकमेकांना मारले गेले की पांढऱ्याच्या हल्ल्यातला जोर उतरतो आणि तुमच्या वजिराला ई७ ची चांगली जागा मिळते. उरलेल्या घोड्यासाठी सर्वांत सुंदर घर डी६. तिथून तो बी५ वर नजर ठेवतो, सी४ आणि ई४ या दोन्ही घरांत उडी मारू शकतो. माझे विद्यार्थी हा डाव हरतात तेव्हा दहापैकी आठ वेळा घोडा डी६ वर पोचलेलाच नसतो. (हा आकडा मोजून काढलेला नाही, वैतागातून आलेला आहे.)

कधी कधी तुम्ही स्वतःच बी५ खेळून पांढऱ्याच्या बी प्याद्याला बी४ वर थोपवता. सी६ कमजोर होतं हे खरं, पण तुमचा घोडा सी४ वर बसला की सी फाइल बंद, आणि कमजोर प्याद्यावर मारा करायला वाटच उरत नाही. घोडा सी४ ला पोचणार असेल तरच हे करा. पोचणार नसेल तर बी५ ही आत्महत्या आहे. आणि हे सगळं चालू असताना राजाच्या बाजूला मोहरे गोळा करत राहा. वजीरबाजूला पांढरा एक प्यादं कमजोर करतो, राजाबाजूला तुम्ही मात करता. या व्यवहारात घाई त्याला असायला हवी, तुम्हाला नाही.

एक्स्चेंज न करता पांढरा जुन्या रस्त्याने आला, म्हणजे ४.उंट जी५ उंट ई७ ५.ई३ ०-० ६.घोडा एफ३, तर माझी शिफारस लास्कर बचावाची: ६...एच६ ७.उंट एच४ घोडा ई४. लगेच उंट ई७ वर कापले जातात, मग बहुतेक वेळा सी३ वरचे घोडेही. जागा कमी असताना मोहरे कापून मोकळं व्हायचं, इतका सरळ विचार त्यामागे आहे. नंतर डी×सी४, घोडा डी७ आणि ई५ किंवा बी६ करून सी८ वरचा उंट बाहेर काढायचा. 'क्वीन्स गॅम्बिटमध्ये काळ्याचा पांढऱ्या घरांवरचा उंट कोंडतो' ही तक्रार तुम्ही ऐकली असेलच. कोंडतो, पण पंधराव्या खेळीपर्यंत. त्याला बाहेर काढण्याचा एक ठरलेला रस्ता डोक्यात असला की त्रास होत नाही.

लास्कर बचाव कंटाळवाणा म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी २०१० ची सोफियातली जागतिक अजिंक्यपद लढत दाखवतो. पहिल्याच डावात आनंदने टोपालोवविरुद्ध काळ्याकडून ग्रुनफेल्ड काढला आणि हरला. पुढे गुण साडेपाच-साडेपाच असे बरोबरीत असताना बारावा, शेवटचा डाव आला. आनंद पुन्हा काळा. या वेळी त्याने लास्कर बचाव खेळला. साध्या, समसमान दिसणाऱ्या डावात टोपालोव जास्त ताणायला गेला, त्याचा स्वतःचाच राजा उघडा पडला, आणि आनंदने काळ्याकडून डाव जिंकून विजेतेपद राखलं. शांत ओपनिंग म्हणजे बरोबरीचं ओपनिंग असा ज्यांचा समज आहे त्यांनी तो डाव एकदा पटावर मांडून खेळावा.

४.उंट जी५ ऐवजी उंट एफ४ वर आला तर ४...उंट ई७ ५.ई३ ०-० ६.घोडा एफ३ नंतर सी५ खेळून केंद्र फोडा. कॅटलान, म्हणजे घोडा एफ३ आणि जी३ वाली मांडणी, तुमच्या पातळीवर क्वचित येईल. आली तर उंट ई७, ०-०, मग डी×सी४. पांढरा वजीर सी२ वर आणून प्यादं परत घेण्याच्या बेतात असताना ए६ आणि बी५, नंतर उंट बी७ आणि सी५. सध्या इतकं पुरे.

आता स्लाव का नाही, हे सांगायला हवं, कारण तो वाईट मुळीच नाही. २...सी६ पाहिलं की कारो-कानवाल्याला घरी आल्यासारखं वाटतं आणि नेमका तिथेच घात होतो. कारो-कानमध्ये तुम्ही ई६ करण्याआधी उंट एफ५ वर काढता, हाताला तीच सवय. स्लावमध्ये ३.घोडा एफ३ घोडा एफ६ ४.घोडा सी३ नंतर ४...उंट एफ५ करून बघा: ५.सी×डी५ सी×डी५ ६.वजीर बी३. बी७ आणि डी५ दोन्हींवर डोळा. तुम्ही ६...वजीर बी६ केलंत तर ७.घोडा×डी५, आणि ७...वजीर×बी३ ला ८.घोडा×एफ६ शह असल्यामुळे पांढरा एक प्यादं वर राहतो. ६...बी६ ने पांढरी घरं भोकं पडल्यासारखी होतात. सर्वांत बरी खेळी उंट सी८ ला परत, म्हणजे दोन खेळ्या पाण्यात.

म्हणून खऱ्या स्लावमध्ये आधी ४...डी×सी४ करावं लागतं, ५.ए४ नंतर उंट एफ५. इथे तुम्ही केंद्र सोडून दिलेलं असतं, आणि ६.घोडा ई५ च्या लाइन्स (खेळ्यांचे क्रम) धारदार आहेत, पाठ कराव्या लागतात. ४...ए६ हा चेबानेंकोचा प्रकार शहाणा आहे, पण त्यात वाट पाहण्याची कला लागते. सेमी-स्लाव (सी६ आणि ई६ दोन्ही) आणखी वरचा मामला: २००८ मध्ये बॉनला आनंदने क्रामनिकला तिसऱ्या आणि पाचव्या डावात काळ्याकडून त्याच्याच जोरावर हरवलं, पण त्यामागची तयारी आठवड्याच्या चार तासांत होणारी नव्हे. आणि एक जरा व्यावहारिक अडचण. ३.सी×डी५ सी×डी५ केलं की पट आरशासारखा सारखा होतो. तुमच्यापेक्षा दोनशे गुणांनी कच्चा खेळाडू हे करून सुखाने बरोबरी घेऊन जातो. क्वीन्स गॅम्बिटच्या एक्स्चेंजमध्ये रचना दोन्हीकडे वेगळी असते, त्यामुळे जिंकायला काहीतरी उरतं.

किंग्ज इंडियनबद्दल कुणीतरी जे सांगितलं ते अर्धंच सांगितलं. घोडा एफ६, जी६, उंट जी७, डी६, ०-० या पाच खेळ्या ठरलेल्या, हे खरं. सहाव्यानंतर काय होणार ते पांढरा ठरवतो, हे सांगायचं राहिलं. एफ३ करून झेमिश, चार प्यादी पुढे ढकलून फोर पॉन्स, जी३ करून फियांकेटो (उंट जी२ वर), प्रत्येकाला उत्तर वेगळं. मुख्य लाइन घ्या: ६.उंट ई२ ई५ ७.०-० घोडा सी६ ८.डी५ घोडा ई७. केंद्र कुलूपबंद. इथून काळ्याने एफ५-एफ४, मग जी५-जी४ करून राजावर जायचं, पांढऱ्याने सी५ करून वजीरबाजू फोडायची. ही नुसती शर्यत आहे. एक खेळी चुकली तर तुमची वजीरबाजू कोसळलेली असते आणि राजावरचा हल्ला अर्ध्या वाटेत. फिशर आणि कास्पारोव यांनी यातून अफाट डाव काढले, पण त्यांची गणनशक्ती हा त्या ओपनिंगचाच भाग होता असं समजा. तुम्हाला अशा शर्यतीत मजा येत असेल, हरल्यावरही झोप लागत असेल, तर मी अडवणार नाही. मात्र 'कमी अभ्यास' हे ते घेण्याचं कारण होऊ शकत नाही.

ग्रुनफेल्डचं तर बोलायलाच नको. पांढऱ्याला ई४-डी४ असं भक्कम केंद्र बांधू द्यायचं आणि मग ते सी५, उंट जी७ ने पाडायचं. कल्पना देखणी आहे, पण पाडता आलं नाही तर तेच केंद्र तुमच्या अंगावरून जातं. अठराशेच्या पुढे गेलात की विचार करा.

बुडापेस्टचा मोह मला कळतो. १.डी४ घोडा एफ६ २.सी४ ई५ ३.डी×ई५ घोडा जी४ ४.उंट एफ४ घोडा सी६ ५.घोडा एफ३ उंट बी४ शह ६.घोडा बीडी२ वजीर ई७ ७.ए३ घोडाजी×ई५, आणि आता पांढऱ्याने हावरटपणे ८.ए×बी४ केलं की ८...घोडा डी३ मात! ई२ वरचं प्यादं वजिराने जखडलेलं असल्यामुळे घोड्याला मारता येत नाही. हा सापळा एकदा लागला की माणूस आयुष्यभर त्याच्या प्रेमात राहतो. पण यातल्या पहिल्याच अटीकडे बघा: पांढऱ्याने २.सी४ खेळायला हवं. २.घोडा एफ३ किंवा २.उंट एफ४ केलं तर बुडापेस्ट नाही, आल्बिन नाही, बेंको गॅम्बिटही नाही. तुमच्या पातळीवर १.डी४ खेळणाऱ्यांपैकी कितीतरी जण सी४ कडे फिरकतही नाहीत. ओपनिंग निवडताना हा प्रश्न आधी विचारावा आणि तो जवळजवळ कुणी विचारत नाही. डचला म्हणजे १...एफ५ ला ही अडचण नाही, पण त्यात राजासमोरचं दार पहिल्याच खेळीत किलकिलं होतं. कारो-कान आवडणाऱ्याला ते रुचेल असं वाटत नाही.

सापळ्याची हौस असेल तर क्वीन्स गॅम्बिटमध्येही एक फुकटात मिळतो. ४.उंट जी५ ला उंट ई७ ऐवजी ४...घोडा बीडी७ करा. पांढऱ्याला वाटतं एफ६ चा घोडा जखडलाय, डी५ फुकट आहे: ५.सी×डी५ ई×डी५ ६.घोडा×डी५?? घोडा×डी५! ७.उंट×डी८ उंट बी४ शह. मध्ये वजीर घालण्यावाचून सुटका नाही: ८.वजीर डी२ उंट×डी२ शह ९.राजा×डी२ राजा×डी८. हिशेब करा, तुम्ही एका प्याद्याच्या बदल्यात अख्खा मोहरा वर. याला एलिफंट ट्रॅप म्हणतात. गंमत अशी की पांढरा यात पडला नाही तरी तुमचं काहीच बिघडत नाही, पुढे उंट ई७ करून नेहमीच्या डावात यायचं. सापळा असा हवा.

आता लंडन, म्हणजे २.उंट एफ४, कारण प्रत्यक्षात तुम्हाला क्वीन्स गॅम्बिटपेक्षा तोच जास्त भेटेल. लंडनवाला आपल्या खेळ्या न बघता मांडतो, त्याला ते करू देऊ नका. २...सी५ ३.ई३ घोडा सी६ ४.सी३ वजीर बी६. एफ४ चा उंट बाहेर गेल्यामुळे बी२ उघडं पडलंय, तिथेच बोट ठेवायचं. ५.वजीर बी३ ला ५...सी४. वजीर कापले तर ६.वजीर×बी६ ए×बी६, जोडप्यादी झाली तरी ए फाइल तुमची आणि बी५-बी४ चा जोर तुमचा. ६.वजीर सी२ ला तर ६...उंट एफ५! उंट फुकट दिसतो, पण ७.वजीर×एफ५ वजीर×बी२ नंतर ए१ वरच्या हत्तीला हलायला जागा नाही, तो पडतोच. म्हणून पांढऱ्याला ७.वजीर सी१ असं मागे जावं लागतं आणि दहा खेळ्यांच्या आत त्याचा सगळा आराम संपतो.

कोले, ट्रॉम्पोव्स्कीसारखं दुसऱ्या खेळीचं उंट जी५, यांना वेगळा अभ्यास नको. सी५ वेळेवर करा, मोहरे काढा. कुणी २.ई४ करून ब्लॅकमार-डीमर गॅम्बिट खेळू पाहिलं तर २...सी६ करा. तो कारो-कान झाला, आता तो तुमच्या मैदानात.

वेळेचं गणित असं ठेवा. पहिल्या महिन्यात लाइन्सच्या मागे लागू नका. कार्ल्सबाड रचनेचे डझनभर डाव निवडा, काळा जिंकलेले आणि हरलेले दोन्ही, आणि दहाव्या खेळीपासून पुढे हळूहळू खेळून बघा. १९२७ च्या अलेखिन-कापाब्लांका लढतीतल्या ३४ डावांपैकी ३२ क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड होते, पण ते सगळे एका दमात बघायला जाऊ नका, कंटाळून सोडाल. १९७२ चा फिशर-स्पास्की सहावा डाव मात्र जरूर बघा. त्यात काळा, म्हणजे स्पास्की, क्वीन्स गॅम्बिटचाच टार्टाकोवर प्रकार खेळतो, सी५-डी५ ही लटकती प्यादी (शेजारच्या प्याद्यांचा आधार नसलेली जोडी) घेऊन बसतो, आणि विसाव्या खेळीला फिशरच्या ई४ ला डी४ करून मोकळा होतो. त्यानंतर पांढऱ्याचा उंट सी४ वरून आणि एफ प्यादं पुढे सरकून काय करतं ते बघा. स्पास्कीने स्वतः टाळ्या वाजवल्या होत्या. लटकती प्यादी कधी ढकलायची नाहीत हे त्या एका डावात कळतं, म्हणूनच मी तुम्हाला टार्टाकोवरऐवजी लास्कर देतोय.

ब्लिट्झमध्ये (काही मिनिटांच्या झटपट डावांत) याची परीक्षा घेऊ नका, निदान सुरुवातीला. दहा मिनिटांचे किंवा त्याहून लांब डाव खेळा. प्रत्येक डावानंतर एवढंच तपासा: ठरलेल्या रस्त्यावरून आधी कोण उतरलं, मी की तो? तो उतरला असेल तर त्या एका खेळीचं उत्तर वहीत लिहा. इंजिनचा (डाव तपासणाऱ्या संगणकाचा) आकडा बघून खचू नका. या रचनेत ते पांढऱ्याला थोडं वर दाखवत राहतंच, आणि साडेतेराशेला त्या थोड्याचा कुणालाही उपयोग करता येत नाही.

वर्षभराने, हे अंगवळणी पडल्यावर, एक बदल करता येईल. एक्स्चेंज प्रकारात काळ्याला सगळ्यात जास्त त्रास कधी होतो, तर पांढऱ्याचा घोडा एफ३ ऐवजी ई२ वर जातो आणि मग तो एफ३, ई४ असं केंद्र पुढे रेटतो तेव्हा. तो टाळायचा असेल तर पहिली खेळी १...घोडा एफ६ करा, २.सी४ ला २...ई६. आता ३.घोडा सी३ केलं तर ३...उंट बी४, म्हणजे निम्झो-इंडियन. ३.घोडा एफ३ केलं तर ३...डी५, तुमचा जुनाच क्वीन्स गॅम्बिट, पण पांढऱ्याचा घोडा एफ३ वर अडकलेला, ई२ चा रस्ता गेला. या क्रमाची किंमत म्हणजे निम्झो शिकावा लागतो आणि २.उंट जी५ चा ट्रॉम्पोव्स्की जरा जास्त बोचतो. २.उंट एफ४ ला २...डी५ करून वर दिलेल्या लंडनच्या डावाकडे वळता येतं. फक्त घोडा आधीच एफ६ वर असल्यामुळे पांढऱ्याला घोडा डी२ काढायला एक खेळी जास्त मिळू शकते. घोडा डी२ वर असेल तर बी१ मोकळं होतं, ए१ चा हत्ती निसटतो आणि एफ५ वरच्या उंटाचा तो सापळा चालत नाही.